१९५७ च्या एमजीएला फ्युएल इंजेक्शन: आधी हेड ओळखा, मग पाना उचला

मडगावचे एक वकीलकाका त्यांच्या वडिलांची एमजीए घेऊन फोंड्याला आमच्या गॅरेजात आले, तेव्हा त्यांच्या दोन अटी होत्या. "बाय, ही अनमोडचा घाट चढताना दमते, तिला जरा ताकद दे. पण बॉनेट उघडलं की माझ्या पप्पांचीच गाडी दिसली पाहिजे." पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उतरलेली १९५७ ची गाडी, दोन सीटची, उघड्या टपाची. तिच्यावर मी जे काम केलं ते इथे लिहून ठेवते आहे. तुमची गाडी एमजीए नसेल, ट्रायम्फ किंवा फियाट असेल, तरी कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

एमजीए इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात बनली, एक लाखाहून जास्त. आमच्याकडे आलेली '१५००' म्हणजे १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आणि कारखान्याच्या हिशेबाने ७० च्या आसपास हॉर्सपॉवर. हे इंजिन आम्हाला परकं नाही. आपल्या अँबॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं घराणं तेच, १४८९ सीसीचंच. माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात अशी किती इंजिनं उघडली त्याची गणती नाही. त्यामुळे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह शोधायला परदेशात जावंच लागतं असं नाही. मात्र घराणं एक म्हणून माप एक असेल असं धरू नका. प्रत्येक भाग मायक्रोमीटर लावून मोजा आणि मगच पैसे द्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण या समजुतीवर लोकांचे पैसे वाया जातात. इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणं, बसवलं म्हणून हॉर्सपॉवर वाढत नाही. नीट लावलेले दोन एसयू फुल थ्रॉटलला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण चांगलंच सांभाळतात. ताकद येते तीन ठिकाणांहून: ठिणगी नेमक्या वेळी पडणं, कॉम्प्रेशन वाढवणं आणि हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्हच्या झाकणातून, हवा मोकळी जाणं. या तिन्हींचा पूर्ण फायदा नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अकाली भडका, न होता घेता यावा म्हणून इंजेक्शन आणि कॉम्प्युटर लागतो. पैसे कमी असतील तर फक्त इग्निशन करा आणि कार्बोरेटर राहू द्या. अर्धा आनंद तिथेच मिळतो.

पाना उचलण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, पण ती गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून मी काकांना आधी आरटीओत पाठवलं आणि काय करणार ते लेखी विचारायला लावलं. माझा स्वतःचा नियम असा की मूळ गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही आणि दोन दिवसांत सगळं पूर्ववत करता आलं पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय या नियमावर घासून घेतला आहे. तो दोन ठिकाणी मोडावा लागला, ते पुढे सांगते.

यानंतर ब्रेक. '१५००' ला चारही चाकांना ड्रम आहेत. १९५८ ची ट्विन कॅम जात सोडली तर पुढच्या चाकांना डिस्क आल्या त्या १९५९ च्या '१६००' पासून. घाट चढण्यासाठी ताकद मागणारा माणूस तोच घाट उतरणारही असतो. ड्रम लेथवर गोल करून घेतले, व्हील सिलिंडर बदलले, होज नवे टाकले. मग इंजिनाची तब्येत. गरम इंजिनावर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिथेच थांबा आणि हेड उतरवा. आजारी इंजिनाला कॉम्प्युटर जोडला तर तो आजार लपवतो आणि तुम्ही महिनोन्महिने मॅपिंग करत, म्हणजे त्याचे आकडे जुळवत, बसता. हेड उतरवलंच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या घालून घ्या. देशभर २००० सालापासून शिसं नसलेलं पेट्रोल आहे आणि ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली आहेत. जुन्या सीट हळूहळू आत बसत जातात, टॅपेटची फट बुजत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो.

वायरिंग: पॉझिटिव्ह अर्थ विसरू नका

या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेला असतो. आजची सगळी इलेक्ट्रॉनिक्स निगेटिव्ह अर्थवर चालते. गाडी निगेटिव्ह अर्थवर फिरवणं अवघड नाही. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक बसवली, डायनॅमो आणि रेग्युलेटरचा डबा काढून लहान अल्टरनेटर लावला. कॉइल राहणार असेल तर तिच्या दोन वायरी उलट करा. हॉर्न, वायपर, दिवे यांना दिशेचं काही पडलेलं नसतं. आरपीएम मीटर तर केबलवर चालतो, त्यालाही धक्का लागत नाही. अल्टरनेटर हौसेसाठी नाही. जुना डायनॅमो वीसेक अँपिअरचा आणि आयडलला तो जवळपास काहीच देत नाही. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, कॉइल आणि लॅम्डा सेन्सरचा (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) हीटर एवढं सगळं त्याच्या गळ्यात घातलं तर रात्री पावसात वायपर लावले की गाडी बंद पडेल.

इथे माझी चूक झाली ती सांगते. बॅटरी फिरवली, पण डॅशबोर्डच्या मागे कुणीतरी फार पूर्वी टाकलेली एक अर्थची वायर होती, ती मी तपासली नाही. इग्निशन चालू करताच कॉम्प्युटरच्या डब्यातून जळका वास आला. डबा गेला, तीन आठवडे गेले. तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आहे की कॉम्प्युटर जोडण्याआधी त्याच्या सॉकेटची प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासायची, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने वहीत लिहायची.

डबा इंजिनापाशी कधीच बसवू नका, तो डॅशबोर्डच्या आत ठेवा. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेतूनच पाणी पिळून निघतं आणि किनाऱ्याच्या गाड्यांना वर मीठही लागतं. सॉकेट रबरी सीलचेच घ्या, आत सिलिकॉन ग्रीस भरा. सेन्सरांचा अर्थ आणि इंजेक्टर-कॉइलचा अर्थ वेगवेगळ्या वायरींनी आणून इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टला बांधा. बॉडीवर कुठेतरी बांधलेला अर्थ पहिल्या पावसाळ्यात गंजतो आणि मग तापमान, हवेचा दाब अशी सगळी मापं खोटी येऊ लागतात.

आधी ठिणगी

कार्बोरेटर तसेच ठेवून आधी इग्निशन पूर्ण करा, निदान पाचशे किलोमीटर चालवा आणि मगच पेट्रोलला हात लावा. दोन्ही एकदम बदललं आणि गाडी मिस करू लागली तर दोष कुठे शोधणार?

क्रँकच्या पुलीवर ३६ दात उणे एक असं चाक बसवायचं. त्या गाळलेल्या दातावरून कॉम्प्युटरला क्रँक कुठे आहे ते कळतं. ते चाक मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतलं. पुलीवर ते डुगडुगता कामा नये आणि सेन्सरची फट एक मिलिमीटरच्या आत असावी. कॉइलसाठी चार तोंडांचा पॅक वापरला, फोर्ड आयकॉनसारख्या गाडीचा भंगारातही मिळतो. यात १ आणि ४ ला एकत्र, २ आणि ३ ला एकत्र ठिणगी पडते. त्यातली एक वाया जाते, पण त्याने काही बिघडत नाही. प्लग आणि वायरी रेझिस्टरच्याच घ्या. आम्ही बीपीआर६ईएस घातले. त्यातला 'आर' नसेल तर ठिणगीचा गोंगाट सेन्सरच्या वायरींत शिरतो.

पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडावी, त्या मॅपची सुरुवात साधी ठेवा. आयडलला १० ते १२ अंश आणि फुल थ्रॉटलला मिनिटाला ३५०० फेऱ्यांपर्यंत ३० ते ३२ अंश. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने जाताना ३८-४० अंशही चालतात. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या वजनांना किती फेऱ्यांना किती अंश, अशी एकच रेघ ठाऊक असते. वजनं झिजली, स्प्रिंग सैल झाली की तीही रेघ हलते. आता प्रत्येक फेऱ्यांना आणि प्रत्येक लोडला वेगळा आकडा देता येतो. बोरीच्या पुलाकडून फोंड्याला येताना, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० ला जायला गाडीला जेवढा वेळ लागायचा त्यात फक्त एवढ्या कामाने दीड सेकंद वाचला. काका त्या दिवशी स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते.

पेट्रोलची वाट

आजचं पंपावरचं पेट्रोल ई-२०, म्हणजे पाचव्या हिश्शाचं एथेनॉल. जुन्या रबराला ते फुगवतं, टाकीतला गंज सुटा करतं आणि मिश्रण पातळ करतं, कारण एथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. इंजेक्शन बसवा वा बसवू नका, होज एथेनॉलला टिकणाऱ्या जातीचेच टाका. मूळ पंपाचा दाब नावापुरता, इंजेक्शनला ३ बार लागतो. त्या दाबावर साध्या होजमधून पेट्रोलचा फवारा गरम एक्झॉस्टवर उडाला तर गाडी आणि माणूस दोन्ही जातील, म्हणून इथे काटकसर नको.

मागचा मूळ पंप मी तसाच ठेवला. तो दीड लिटरच्या एका उभ्या डब्यात पेट्रोल भरतो आणि त्या डब्यातून जास्त दाबाचा पंप घेतो. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं तरी इंजिन उपाशी राहत नाही. जादा पेट्रोल टाकीत परत न्यायला मात्र टाकीला एक तोंड करावंच लागलं. नियम पहिल्यांदा मोडला तो इथे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ असते. आम्ही ती उतरवून साबणाच्या पाण्याने धुतली, वाफ दिली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली आणि पाण्याने काठोकाठ भरून वरच्या बाजूला ब्रेझिंग केलं. याहून कमी काळजी घेणाऱ्या वेल्डरकडे टाकी देऊ नका.

दोन सिलिंडर, एक दार

आता या इंजिनाची खरी गोम. बी-सीरिजच्या हेडला इनलेटची दारं चार नाहीत, दोनच आहेत. १ आणि २ एका दारातून हवा घेतात, ३ आणि ४ दुसऱ्या. एक्झॉस्टची तीन: १ ला स्वतंत्र, ४ ला स्वतंत्र, मधल्या दोघांना मिळून एक. पाचही दारं हेडच्या एकाच बाजूला. अशा जोडदाराला सयामी पोर्ट म्हणतात.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पहिल्या दाराचं बघा. २ हवा ओढतो, लगेच अर्ध्या फेरीने १ ओढतो आणि मग जवळपास एक फेरी दार शांत असतं. दुसऱ्या दारात तसंच, आधी ३, मग ४. म्हणजे मधले दोघे नेहमी आधी जेवतात आणि बाहेरचे दोघे मागाहून. इंजेक्टर अधूनमधून सारखाच शिंपडत राहिला, तर त्या शांत फेरीत दारात साठलेलं सगळं पेट्रोल मधला सिलिंडर पिऊन टाकतो आणि बाहेरच्याला नुसती हवा उरते.

मला हे पुस्तकी ठाऊक होतं. तरी पहिल्या खेपेला मी सोपा मार्ग घेतला, वेळ न सांभाळता इंजेक्टर चालवले. लॅम्डा सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो आणि सरासरी सुरेख येत होती. मोलें ओलांडून घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर वाटाणे भरलेला डबा हलवावा तसा आवाज येऊ लागला. गाडी कडेला घेतली, थंड होऊ दिली आणि रस्त्यावर फडकं पसरून चारही प्लग ओळीने मांडले. २ आणि ३ च्या तोंडावर काजळ होतं, बोटाला लागेल असं मखमली. १ आणि ४ पांढरे फटक, चिनीमातीवर मिठासारखे बारीक चमकते ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. आणखी दोन वळणं चढलो असतो तर पिस्टनला भोक पडलं असतं. ते चार प्लग मी त्याच ओळीत एका फळीवर ठोकून गॅरेजात टांगले आहेत. काम शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला आधी तिथे उभं करते.

यावरचा उपाय म्हणजे ज्याचा व्हॉल्व्ह उघडा असेल त्याचंच पेट्रोल त्या वेळी द्यायचं. एका दाराला एक इंजेक्टर, आणि त्याचे दोन फवारे: पहिला मधल्यासाठी, अर्ध्या फेरीनंतरचा बाहेरच्यासाठी. त्यासाठी कॉम्प्युटरला क्रँकबरोबर कॅमही कुठे आहे ते कळायला हवं, कारण क्रँक दोन फेऱ्या घेतो तेव्हा कॅमची एक होते. जुना डिस्ट्रिब्युटर इथे उपयोगी पडला. तो कॅमच्याच वेगाने फिरतो. एक जादा डिस्ट्रिब्युटर मिळवून त्यातले पॉइंट आणि वजनं काढली, शाफ्टवर एक दात बसवला आणि समोर हॉल सेन्सर (चुंबकाच्या जोरावर दात ओळखणारा) लावला. वरची टोपी तशीच असल्याने बघणाऱ्याला काही कळत नाही. मेगास्क्वर्टसारख्या इंजेक्शनच्या कॉम्प्युटर-डब्यांसाठी सयामी पोर्टचं वेगळं फर्मवेअर हौशी लोकांनी लिहिलेलं आहे. घेण्याआधी तुमच्या डब्याला ते चालतं याची खात्री करा.

इंजेक्टरचं माप नेहमीच्या हिशेबाने काढू नका, लहान पडेल. असं मोजा. ८० हॉर्सपॉवरला तासाला साधारण २५ लिटर पेट्रोल, म्हणजे मिनिटाला ४१५ सीसी. ५५०० फेऱ्यांवर चार सिलिंडर मिळून मिनिटाला ११,००० वेळा घास घेतात, म्हणजे एका घासाला जेमतेम ०.०४ सीसी. क्रँकची अर्धी फेरी तिथे साडेपाच मिलिसेकंदांत संपते, त्यातले कामाचे चारच धरा. एवढ्या वेळात तेवढं द्यायचं तर मिनिटाला सुमारे ६०० सीसीचा इंजेक्टर हवा. एवढा मोठा इंजेक्टर आयडलला कुरकुरतो, कारण तिथे तो क्षणभरच उघडायचा असतो. म्हणून ज्याचा उघडण्याचा विलंब वेगवेगळ्या व्होल्टेजला किती तो तक्ता मिळतो, असाच इंजेक्टर घ्या आणि ते आकडे नीट भरा.

काकांच्या दुसऱ्या अटीसाठी एसयू कार्बोरेटर जागेवरच ठेवले. आतले पिस्टन आणि सुया काढून घेतल्या, आता ते फक्त थ्रॉटलचं काम करतात. इंजेक्टर बसवले ते दुसऱ्या, विकत घेतलेल्या मॅनिफोल्डला खालून भोक पाडून. हवेच्या दाबाची नळी दोन्ही दारांतून घेऊन एका छोट्या डबीत जोडा, एकाच दारातून घेतली तर काटा नाचत राहतो.

मॅपिंग

हे काम एकट्याने करायचं नाही. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मांडीवर लॅपटॉप घ्यायचा. लॅम्डाचा आकडा, म्हणजे जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली तो, धरून चाला. हवा-पेट्रोलचा आकडा धरला तर ई-२० मुळे फसाल, लॅम्डा मात्र कुठल्याही पेट्रोलला १ म्हणजे १ च. आयडलला ०.९३ च्या आसपास, सपाट रस्त्यावर १, फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८. फवाऱ्याच्या वेळेसाठी एक्झॉस्टच्या तिन्ही नळ्यांत तापमानाचे प्रोब लावा. वेळ दहा-दहा अंशांनी पुढेमागे सरकवा आणि १, ४ व मधली नळी यांची तापमानं जिथे सर्वांत जवळ येतात तिथे थांबा. मधल्या नळीत दोघांचा धूर असतो, त्यामुळे ती मुळातच थोडी गरम दिसते हे धरून चला. शेवटचा निकाल प्लगकडूनच घ्या. आम्हाला चौघांवर एकसारखा फिकट तपकिरी रंग यायला अकरा दिवस लागले.

तो रंग आल्यावरच मी कॉम्प्रेशनला हात लावला. कारखान्याचं ८.३ होतं. हेड प्लेन करून ते ९ च्या किंचित वर नेलं. घासलेलं हेड पूर्ववत होत नाही, म्हणून नियम दुसऱ्यांदा मोडला तो इथे. एथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढलेला आहे आणि चारही सिलिंडरांना सारखं मिश्रण मिळतंय, म्हणून ते पचलं. त्याच वेळी दारांच्या कडा आणि गास्केटशी न जुळणारे कंगोरे हाताने घासून सारखे केले. मधली भिंत मात्र पातळ करू नका, पलीकडे पाणी असतं.

आता गाडी अनमोड तिसऱ्या गिअरमध्ये चढते, पूर्वी दुसरा लागायचा. पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्कला आणा, टॅपेट मॅन्युअलप्रमाणे लावा आणि पेट्रोलच्या वाटेचा प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. जूनच्या आधी सगळी सॉकेट उघडून ग्रीस नवं भरा. मूळ मॅनिफोल्ड, सुया, पिस्टन, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर तेल लावून, कागदात गुंडाळून एका लाकडी पेटीत भरले. झाकणावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात यादी लिहिली आणि पेटी वकीलकाकांच्या घरी पाठवली.